चर्चबाहेरील विवाहाची वैधता : कॅथलिक धर्मसंहिता, भारतीय कायदा आणि सुरत

सुरतेतील विवाह निबंधकाच्या कार्यालयात एखाद्या कॅथलिक व्यक्तीने विशेष विवाह कायद्यान्वये लग्न केले, तर भारतीय कायद्याच्या दृष्टीने तो विवाह परिपूर्ण असतो. पती-पत्नीचे परस्परांवरील हक्क, पोटगी, वारसा, मुलांचे औरसत्व यांपैकी कशालाही त्यात उणेपणा नसतो. मात्र बिशपांची पूर्वपरवानगी नसेल, तर तोच विवाह कॅथलिक चर्चच्या धर्मसंहितेनुसार वैध मानला जात नाही. एकच लग्न एका नोंदवहीत आहे आणि दुसऱ्या नोंदवहीत नाही, अशी ही स्थिती आहे. तिच्यातून अनेक गैरसमज निर्माण होतात. त्यातला सर्वांत घातक समज असा, की चर्चने न मानलेले लग्न वाऱ्यावर सोडता येते.

हा प्रश्न सुरतेत विशेष ठळकपणे दिसतो. कापड आणि हिऱ्यांच्या व्यवसायामुळे हे शहर स्थलांतरितांचे झाले आहे. केरळ, गोवा, वसई, मंगळूर आणि दक्षिण गुजरातचा आदिवासी पट्टा अशा निरनिराळ्या भागांतील कॅथलिक येथे एकत्र येतात आणि बहुसंख्य अन्यधर्मीय समाजात राहतात. आंतरधर्मीय विवाह अशा ठिकाणी अपवादाने होतात असे नाही. चर्चच्या रचनेत सुरत वडोदरा धर्मप्रांतात मोडते. तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेले दमण मात्र गोवा व दमणच्या महाधर्मप्रांतात आहे आणि तेथे गोव्याप्रमाणेच पोर्तुगीजकालीन नागरी कायदा चालतो. काही तासांच्या अंतरावर विवाहाची कायदेशीर चौकट बदलते. धर्मसंहिता मात्र दोन्हीकडे तीच राहते.

मूळ तत्त्व : विवाह संमतीने होतो

१९८३ सालच्या धर्मसंहितेच्या १०५७व्या कलमानुसार विवाह घडतो तो वधूवरांच्या परस्पर संमतीने. धर्मगुरू विवाह 'लावून' देत नाही. तो चर्चच्या वतीने संमती विचारतो आणि स्वीकारतो. दोन बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तींचा वैध विवाह हा १०५५व्या कलमानुसार संस्कारही असतो.

संमती हाच गाभा असेल, तर निबंधकासमोर दिलेली संमती अपुरी का ठरावी? याचे उत्तर 'विधिरूप' या कल्पनेत आहे. ११०८व्या कलमानुसार स्थानिक बिशप, धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू किंवा त्यांनी अधिकार दिलेला धर्मगुरू अथवा उपधर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर संमती व्यक्त झाली पाहिजे. वधूवरांपैकी एक जण जरी कॅथलिक असेल, तरी ही अट १११७व्या कलमाने लागू होते. ती न पाळता केलेले लग्न विधिरूपाच्या अभावी शून्य ठरते.

हिंदू वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली एका प्रकरणात स्पष्ट केले, की हिंदू विवाह कायद्याखालील लग्नासाठी आवश्यक विधी झालेच नसतील, तर केवळ प्रमाणपत्र मिळाल्याने ते लग्न झाले असे होत नाही. संमतीला समाजमान्य विधीचे रूप हवे, हा विचार दोन्हीकडे सारखा आहे.

ट्रेंटपासून आजपर्यंत

विधिरूपाची सक्ती चर्चमध्ये आरंभापासून नव्हती. मध्ययुगात एकांतात दिलेले वचनही विवाह ठरू शकत असे. पुढे पुरुषाने ते नाकारले आणि दुसरे लग्न केले, तर पहिल्या स्त्रीकडे पुरावा नसे. हा अन्याय थांबवण्यासाठी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली 'तामेत्सी' हा आदेश काढून धर्मगुरू व साक्षीदारांची उपस्थिती अनिवार्य केली. हा आदेश ज्या धर्मग्रामात जाहीर झाला तेथेच तो लागू होई. त्यामुळे एका गावी शून्य ठरणारे लग्न दुसऱ्या गावी वैध ठरे. १९०७ सालच्या 'ने तेमेरे' या आदेशाने ही विसंगती मोठ्या प्रमाणात दूर केली. तो १९०८च्या ईस्टरपासून अमलात आला. १९१७ आणि १९८३च्या धर्मसंहितांनी तोच नियम पुढे चालवला.

१९८३च्या संहितेत औपचारिकपणे चर्च सोडलेल्या व्यक्तींना विधिरूपातून मुक्तता होती. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ साली ती रद्द केली. चर्चमध्ये न जाणारा किंवा स्वतःला नास्तिक म्हणवणारा बाप्तिस्माधारी कॅथलिकही आता या नियमाच्या कक्षेत येतो.

सुरतेच्या इतिहासातील एक विवाह

ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान विल्यम हॉकिन्स १६०८ साली सुरतेच्या बंदरात उतरला आणि पुढे आग्र्याला जहांगीरच्या दरबारी गेला. बादशहाने त्याला लग्नाचा आग्रह केला, तेव्हा त्याने ख्रिस्ती वधूच हवी अशी अट घातली. एका आर्मेनियन ख्रिस्ती सरदाराच्या मुलीशी त्याचा विवाह ठरला. जवळ आपल्या पंथाचा धर्मोपदेशक नसल्याने त्याने ख्रिस्ती साक्षीदारांसमोर आपल्या सेवकालाच धर्मोपदेशकाच्या जागी उभे करून लग्न केले. पुढे सर हेन्री मिडल्टनच्या जहाजांवरील धर्मोपदेशकाने त्यातील चूक दाखवली आणि हॉकिन्सने पुन्हा विवाह केला. हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे.

आजच्या कॅथलिक नियमांची फूटपट्टी लावली, तर यातून एक महत्त्वाचा मुद्दा स्पष्ट होतो. हॉकिन्स प्रोटेस्टंट होता आणि वधू आर्मेनियन परंपरेतील. ती दोघेही कॅथलिक नव्हती, म्हणून कॅथलिक विधिरूप त्यांना बंधनकारक ठरणार नाही. विधिरूपाचा नियम कॅथलिकांपुरता आहे. दोन प्रोटेस्टंटांचा आपल्या उपासनामंदिरातील विवाह, दोन हिंदूंची सप्तपदी, दोन पारशांचा आशीर्वादविधी किंवा दोन मुस्लिमांचा निकाह यांना कॅथलिक चर्च वैध विवाहच मानते. 'चर्चबाहेरची सगळी लग्ने चर्च अवैध ठरवते' हा समज म्हणूनच चुकीचा आहे. दोन हिंदूंपैकी एकाचा घटस्फोट झाला आणि त्याला एखाद्या कॅथलिकाशी चर्चमध्ये लग्न करायचे असेल, तर त्याचे आधीचे हिंदू लग्न चर्च विचारात घेते, ते याच कारणाने.

धर्मगुरूच नसलेल्या ठिकाणच्या कॅथलिकांसाठीही संहितेत तरतूद आहे. अधिकारी धर्मगुरू गंभीर अडचणीविना उपलब्ध होऊ शकत नसेल आणि ही स्थिती महिनाभर टिकेल असा रास्त अंदाज असेल, तर १११६व्या कलमानुसार केवळ साक्षीदारांसमोर केलेला विवाहही वैध ठरतो. मरणासन्न अवस्थेतही ही मुभा आहे. अर्थात, आजच्या सुरत शहरात पहिल्या कारणाचा आधार क्वचितच घेता येईल.

सुरतेतील जोडप्यापुढील मार्ग

कॅथलिक आणि हिंदू, जैन, पारशी किंवा मुस्लिम व्यक्ती यांच्या विवाहाला धर्मसंहितेच्या १०८६व्या कलमानुसार 'धर्मभिन्नते'ची बाधा येते. बिशप तीतून सूट देऊ शकतात. त्यासाठी कॅथलिक जोडीदाराने आपली श्रद्धा जपण्याचे आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन द्यावे लागते. दुसऱ्या जोडीदाराला या वचनाची कल्पना दिली जाते. त्याच्याकडून धर्मांतराची किंवा लेखी प्रतिज्ञेची मागणी केली जात नाही. पोप सहावे पॉल यांच्या १९७० सालच्या मिश्रविवाहविषयक आदेशाने ही पद्धत रूढ केली. असा विवाह चर्चमध्ये वैध असतो. मात्र एक जोडीदार बाप्तिस्मा न घेतलेला असल्यामुळे तो संस्कार मानला जात नाही. वैधता आणि संस्कार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा मार्ग विधिरूपातून सूट मिळवण्याचा आहे. कुटुंबातील तीव्र विरोधासारखी गंभीर अडचण असेल, तर ११२७व्या कलमाखाली बिशप चर्चमधील विधीऐवजी दुसऱ्या सार्वजनिक रूपात विवाह करण्याची परवानगी देऊ शकतात. ही सूट लग्नापूर्वी मिळाली, तर निबंधकाच्या कार्यालयातील विवाहही चर्चच्या दृष्टीने वैध ठरतो. अनेक जोडप्यांना या मार्गाची माहितीच नसते. मात्र एकदा वैध विवाह झाल्यावर पुन्हा दुसऱ्या धर्माच्या विधीने संमती देण्यास वा नवीकृत करण्यास त्याच कलमाने मनाई आहे.

जोडीदार ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती असेल, तर नियम सौम्य आहे. तेथे धर्मगुरूचा सहभाग असला, की कॅथलिक विधिरूप पाळले नाही तरी विवाह वैध राहतो, फक्त तो नियमबाह्य ठरतो. केरळातून आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांना पौर्वात्य चर्चची १९९०ची संहिता लागू होते. तिच्यानुसार धर्मगुरूचा आशीर्वाद आवश्यक असतो, उपधर्मगुरूसमोर झालेला विवाह पुरत नाही. लॅटिन परंपरेतील गोमंतकीय आणि सिरो-मलबार परंपरेतील मल्याळी यांच्या विवाहातही धर्मगुरूच लागतो, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली स्पष्ट केले.

नागरी कायद्याची चौकट

गुजरातमध्ये वधूवरांपैकी एक किंवा दोघेही ख्रिस्ती असतील, तर १८७२ सालचा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागू होतो. रोमन कॅथलिक धर्मगुरूने आपल्या चर्चच्या नियमांप्रमाणे लावलेला विवाह या कायद्याखाली वैध असतो. म्हणजे सुरतेतील चर्चमधला विवाह धार्मिक आणि नागरी अशा दोन्ही अर्थांनी एकाच वेळी घडतो. त्याशिवाय गुजरातच्या २००६ सालच्या विवाह नोंदणी कायद्यान्वये प्रत्येक विवाहाची नोंद करावी लागते.

ज्यांना धार्मिक विधी नको आहे, त्यांच्यासाठी १९५४ सालचा विशेष विवाह कायदा आहे. वधूवरांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस निवास, निबंधकाकडे नोटीस, तिच्या प्रसिद्धीनंतर ३० दिवसांचा आक्षेपकाळ आणि शेवटी तीन साक्षीदारांसमोर संमती, असा त्याचा क्रम आहे.

या दोन्ही मार्गांखेरीज काही जोडपी तिसरा मार्ग धरतात आणि तो सर्वांत धोक्याचा आहे. कॅथलिक व्यक्ती धर्मांतर न करता हिंदू जोडीदाराशी मंदिरात लग्न करते आणि त्याची नोंद हिंदू विवाह कायद्याखाली होते. हा कायदा दोन हिंदूंमधील विवाहासाठी आहे. आंध्र प्रदेशातील रोमन कॅथलिक पुरुष आणि हिंदू स्त्री यांचा १९९६ साली मंदिरात झालेला आणि या कायद्याखाली नोंदवलेला विवाह सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००८ मध्ये शून्य ठरवला. असे लग्न धर्मसंहितेत बसत नाही आणि नागरी कायद्यातही टिकत नाही. हाती प्रमाणपत्र असूनही जोडीदार, विशेषतः स्त्री, उघड्यावर पडते.

गुजरातच्या धर्मस्वातंत्र्य कायद्यातील २०२१च्या दुरुस्तीने विवाहाद्वारे सक्तीने वा फसवणुकीने केलेले धर्मांतर गुन्हा ठरवले. सक्ती, प्रलोभन वा फसवणूक नसलेल्या आंतरधर्मीय विवाहांना केवळ ते आंतरधर्मीय आहेत म्हणून या कायद्यातील काही कलमे लावू नयेत, असा अंतरिम आदेश गुजरात उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला. या पार्श्वभूमीवर धर्मभिन्नतेच्या सुटीसह होणारा चर्चमधील विवाह हा धर्मांतराविना होणारा विवाह आहे, ही बाब जोडप्यांनी आणि त्यांच्या कुटुंबांनी नीट समजून घेण्यासारखी आहे.

गोवा-दमणची वेगळी वाट

गोमंतकीय कॅथलिकांना हा सगळा विचार थोडा अनोळखी वाटतो, कारण त्यांच्याकडील रचना निराळी आहे. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आल्यावर विवाह हा नागरी करार ठरला. पुढे ७ मे १९४० रोजी पोर्तुगाल आणि होली सी यांच्यात करार झाला आणि चर्चमधील विवाहाला नागरी परिणाम मिळू लागले. २२ जानेवारी १९४६च्या ३५४६१ क्रमांकाच्या आदेशाने ही पद्धत वसाहतींत आली. १९६१च्या मुक्तीनंतर १९६२च्या कायद्याने तेथील प्रचलित कायदे पुढे चालू ठेवले.

गोव्यात कॅथलिक जोडपे प्रथम नागरी नोंदणी कार्यालयात विवाहाचा इरादा जाहीर करते, मग दाखला घेऊन चर्चमध्ये विवाह करते आणि त्या विवाहाची नोंद नागरी नोंदवहीत उतरवली जाते. चर्चच्या धर्मन्यायालयाने विवाह शून्य ठरवल्यास तो निर्णय उच्च न्यायालयामार्फत नागरी परिणामासाठी नेण्याची तरतूदही १९४६च्या आदेशात होती. दोन नोंदवह्या एकमेकींशी बोलतील अशी ही रचना होती.

गुजरातेत तसे नाही. धर्मन्यायालयाचा निर्णय नागरी न्यायालयाच्या निर्णयाची जागा घेऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. चर्चच्या निर्णयांना घटस्फोटाची कायदेशीर मान्यता द्यावी ही याचिकाही त्याने जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली. गोव्यातून सुरतेत स्थायिक झालेल्या कुटुंबाने हा फरक लक्षात न घेतल्यास मोठी फसगत होऊ शकते. चर्चकडून मिळालेला शून्यतेचा दाखला हाती असला, तरी नागरी लग्न मोडलेले नसते. त्या स्थितीत केलेले दुसरे लग्न द्विभार्याप्रतिबंधाच्या कचाट्यात सापडते.

'लग्नच नव्हते' म्हणून हात झटकता येतात का?

निबंधकासमोर लग्न करून काही वर्षे संसार केलेला कॅथलिक पुरुष चर्चमध्ये जाऊन दुसरे लग्न लावू पाहतो आणि पहिले लग्न चर्चच्या दृष्टीने नव्हतेच असे सांगतो, ही परिस्थिती धर्मसंहितेने आधीच लक्षात घेतली आहे. विधिरूपाचा अभाव कागदपत्रांवरून सिद्ध होतो. त्यासाठी धर्मन्यायालयात दीर्घ खटला लागत नाही. परंतु पूर्वीच्या संबंधातून जोडीदार वा मुलांप्रती नैसर्गिक जबाबदाऱ्या असलेल्या व्यक्तीचा विवाह बिशपांच्या परवानगीविना लावू नये, असे १०७१वे कलम सांगते. नागरी कायद्याने मान्य होऊ न शकणाऱ्या विवाहालाही हेच कलम अशी परवानगी आवश्यक ठरवते. म्हणून आधी रीतसर घटस्फोटाचा हुकूमनामा हवा, पोटगी व मुलांची व्यवस्था हवी आणि मगच पुढचा विचार. ट्रेंटच्या परिषदेने सोडल्या गेलेल्या स्त्रीच्या रक्षणासाठी आणलेला नियम तिच्याविरुद्ध हत्यार म्हणून वापरला जाऊ नये, हेच यामागचे सूत्र आहे.

दुरुस्तीचे दोन मार्ग

नुसत्या नोंदणीने संसार थाटलेल्या कॅथलिकाला चर्चमधून बहिष्कृत केले जात नाही. बिगरकॅथलिक धर्मोपदेशकासमोर विवाह करणाऱ्यांसाठी १९१७च्या संहितेत असलेली बहिष्काराची शिक्षा १९६६ साली रद्द झाली. अशा व्यक्तीला मिस्साला येता येते, प्रार्थनेत सहभागी होता येते. सर्वसाधारणपणे पवित्र कम्युनियन मात्र घेता येत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली अशा जोडप्यांना प्रेमाने समजावून विवाह नियमित करण्यास प्रवृत्त करण्याचा सल्ला धर्मगुरूंना दिला. पोप फ्रान्सिस यांच्या २०१६च्या पत्रात सोबत चालण्यावर भर आहे. केवळ आईवडिलांचा विवाह चर्चमध्ये झाला नाही म्हणून मुलाचा बाप्तिस्मा नाकारावा, असे संहिता सांगत नाही. मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल ही रास्त आशा तिला पुरते.

पहिला मार्ग साध्या वैधीकरणाचा आहे. जोडपे आवश्यक सूट घेऊन धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोर नव्याने संमती देते. मोठा समारंभ गरजेचा नसतो. पण ही केवळ आशीर्वादाची औपचारिकता नव्हे, तर चर्चच्या दृष्टीने तो विवाहच त्या दिवशी होतो.

दुसरा मार्ग मूलगामी वैधीकरणाचा, लॅटिनमध्ये ज्याला 'सानात्सियो इन रादिचे' म्हणतात त्याचा. हिंदू वा जैन जोडीदार म्हणतो, 'आमचे लग्न एकदा झाले आहे, पुन्हा कशाला?' त्याच्या दृष्टीने हा आक्षेप रास्त असतो. अशा वेळी दोघांची मूळ संमती टिकून असल्याची खात्री करून बिशप ११६१ ते ११६५ या कलमांखाली तो विवाह मुळापासून वैध करू शकतात. संमती पुन्हा द्यावी लागत नाही आणि विवाहाचे परिणाम भूतकाळापासून धरले जातात. गंभीर कारण असल्यास एका जोडीदाराला न कळवताही हे करता येते. अन्यधर्मीय जोडीदाराच्या भावनेचा मान राखून कॅथलिक जोडीदाराची अडचण दूर करणारी ही तरतूद आहे.

सुरतेच्या पूर्वेकडील आदिवासी भागात प्रश्नाचे आणखी एक रूप दिसते. जमातीच्या रूढीने लग्न झालेले जोडपे नंतर कॅथलिक होते, तेव्हा त्याला नव्याने लग्न करावे लागत नाही. बाप्तिस्म्यापूर्वी त्यांच्यापैकी कोणीच कॅथलिक नसल्याने विधिरूपाचा नियम त्यांना लागू नव्हता. रूढीने झालेले लग्न वैध होतेच आणि दोघांच्या बाप्तिस्म्याबरोबर ते संस्कारही होते. याउलट, आधीच बाप्तिस्मा झालेल्या तरुणाने केवळ जमातीच्या रूढीने लग्न केले, तर ते विधिरूपाअभावी अपूर्ण राहते आणि त्याला वरीलपैकी एका मार्गाने नियमित करावे लागते.

एकंदरीत, विवाहेच्छू जोडप्याने दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे असतात : नागरी कायद्याने हे लग्न कोणत्या कायद्याखाली उभे राहते, आणि कॅथलिक जोडीदाराच्या धर्मग्रामाला त्याची पूर्वकल्पना व आवश्यक ती सूट आहे काय? विशेष विवाह कायद्याची नोटीस ३० दिवसांची असते. बिशपांकडे सुटीचा अर्ज करण्याची योग्य वेळही तीच. दोन्ही नोंदवह्यांत नाव एकाच वेळी लागणे सहज शक्य असते. त्यासाठी लग्नाच्या आधी विचारावे लागते, इतकेच.